व्यापाऱ्याचा बीम, आपला माग

[मागांचा आवाज. काही क्षण निवेदन नाही.]

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. पत्र्याचं शेड, ओळीनं लावलेले साधे यंत्रमाग.

आता धोट्याकडे बघा. लाकडी, दोन्ही टोकांना पोलाद, पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी. ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर-खाली होतात, धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो, फणी सूत ठोकते. मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा. काही मिनिटांत कांडी संपते. माग थांबवायचा, रिकामी काढायची, भरलेली घालायची, माग सुरू. तोवर शेजारच्या मागाची संपलेली असते. हे हात पाळीभर हेच करतात.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे पाठीशी होते. हातमागाच्या गावाला तेव्हा हीच नवी यंत्रं होती, आणि त्यांच्यावरच हे शहर उभं राहिलं.

हे दुसरं शेड. रेपियर माग. धोटाच नाही. एक चिमटा बाणा घेऊन मध्यापर्यंत येतो, समोरून आलेला दुसरा तो पकडून पलीकडे नेतो. मिनिटाला चारशे-पाचशे फेरे. सूत थेट मोठ्या कोनवरून येतं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर ही पातळ पट्टी बघा, ड्रॉप पिन. धागा तुटला, पट्टी पडली, माग जागच्या जागी थांबला, वर दिवा लागला. साध्या मागावर मात्र तुटलेला धागा कुणाच्या नजरेला पडेपर्यंत कापड पुढे विणलं जातं, आणि डाग सापडतो तो कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडीवाल्याला. गारमेंटवाले पैसे मोजतात ते बिनडागी, मोठ्या पन्ह्याच्या कापडाला.

कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्याचं काम इथं संपलं. कितीतरी जुने माग किलोच्या भावानं भंगारात गेले.

मग आठ-बारा साध्या मागांच्या मालकानं हे रेपियर घ्यावेत का? सूत स्वतःचं असेल, गिऱ्हाईक स्वतःचं असेल, तर जरूर घ्यावेत. पण इथले पुष्कळ छोटे मागधारक खर्चीवाले आहेत. सूत व्यापाऱ्याचं, ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, म्हणजे बीम, तोही व्यापाऱ्याचा, यांच्या हाती फक्त विणण्याची मजुरी. मंदी आली की व्यापारी बीम देत नाही. साधा माग बंद राहिला तर मजुरी बुडते. कर्जावरचा माग बंद राहिला तर मजुरी बुडते आणि हप्ताही भरावा लागतो. 1999 साली नवी यंत्रं घ्यायला केंद्राची टफ योजना आली, व्याजाचा भार हलका झाला. बीम मात्र कुठल्याच योजनेत मिळत नाही.

म्हणून हा माग जवळून बघा. सांगाडा तोच जुना. इथं बसवलेला हा फीलर कांडीतलं सूत संपत आलं की माग थांबवतो. मागच्या बाजूची ही जोडणी ताण्याचा ताण सारखा ठेवते. जुन्याच मागावर अशा जोडण्या बसवायला सरकारची वेगळी योजना निघाली. खर्चीवाल्यानं सुरुवात इथून करावी, असं आम्हाला हे शेड बघून ठामपणे वाटतं. डाग कमी होतात, आणि डोक्यावर मोठं कर्ज चढत नाही.

दारात टेम्पो लागलाय. चौघं मिळून बीम उतरवतायत. आज दोन्ही पाळ्या चालतील.

[मागांचा आवाज.]