वाळूच्या बेटावरची पंधरा वर्षं

(पडद्यावर काळसर, हिरवट डाग पडलेलं तांब्याचं एक भांडं. मागे लाटांचा आवाज.)

हे भांडं जरा जवळून बघा.

तळाला एक ठिगळ आहे. त्याच्या शेजारी दुसरं, काठाजवळ आणखी एक. तांब्याचा पत्रा कापून ठिगळ केलंय. त्याच पत्र्याच्या बारीक गुंडाळ्या करून त्यांचे खिळे केलेत आणि ते ठोकून बसवलेत. भांडं गळायला लागलं की दुरुस्त करायचं, पुन्हा गळलं की पुन्हा दुरुस्त करायचं. कारण आसपास शेकडो किलोमीटर दुसरं भांडं मिळणार नव्हतं. माणूसही भेटणार नव्हता.

(आकाशातून दिसणारं छोटं, सपाट बेट.)

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला साधारण साडेचारशे किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी जेमतेम पावणेदोन किलोमीटर. सगळ्यात उंच जागा सात-आठ मीटरची. सावलीला झाड नाही, चुलीला लाकूड नाही. वारा मात्र बारा महिने असतो आणि चक्रीवादळ आलं की लपायला आडोसा नाही. जुन्या फ्रेंच नकाशांवर याचं नाव होतं ‘वाळूचं बेट’.

१७६१ साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘यूटिल’ नावाचं जहाज मादागास्करच्या किनाऱ्यावर आलं. तांदूळ आणि गुरं घेऊन मॉरिशसला परतायचं, एवढंच काम त्याला दिलेलं होतं. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. इंग्रजांशी युद्ध चालू होतं, वेढा पडला तर खाणारी तोंडं वाढायला नकोत, म्हणून गव्हर्नरने बाहेरून गुलाम आणायला बंदी घातली होती. तरीही कप्तान लाफार्गने १६० मालागासी, म्हणजे मादागास्करची, माणसं विकत घेतली. बायका, पुरुष, पोरं. चोरून न्यायची आणि चोरून विकायची.

३१ जुलैच्या रात्री जहाज पूर्ण शिडांनी चाललं होतं. हाताशी दोन नकाशे होते आणि या बेटाच्या जागेबद्दल त्या दोघांचा मेळ बसत नव्हता. जहाज प्रवाळाच्या खडकावर आपटलं आणि फुटलं.

गुलाम खाली, तळघरात होते. ते बंड करतील या भीतीने रात्री वरच्या झडपा बंद केलेल्या असत. जहाजाचा सांगाडा मोडला तेव्हा जे बाहेर फेकले गेले तेच वाचले. बाकीचे तिथेच, अंधारात बुडाले. त्या झडपांखाली काय झालं असेल, याचा विचार मनातून काढून टाकणं मला जमत नाही.

वाचलेल्यांचे पहिले काही दिवस तहानेत गेले. पाणीच नव्हतं. खलाशांनी विहीर खणली, पाच मीटरवर मचूळ पाणी लागलं. पण तोवर किनाऱ्यावर पोचलेले कितीतरी मालागासी तहानेने मेले होते. साठेक जण उरले.

कप्तान भ्रमिष्ट झाला. सूत्रं त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे, कास्तेलानकडे आली. फुटक्या जहाजाच्या लाकडांतून त्याने एक गलबत बांधायला घेतलं. त्या कामात मालागासी माणसंही राबली. दोन महिन्यांत गलबत तयार झालं. २७ सप्टेंबरला १२२ फ्रेंच त्यात दाटीवाटीने बसले. साठ जणांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी तीन महिन्यांचं धान्य ठेवलं आणि कास्तेलानने शब्द दिला, ‘आम्ही न्यायला येऊ.’

गलबत चार दिवसांत मादागास्करला पोचलं. कास्तेलानने जहाज मागितलं. मॉरिशसच्या गव्हर्नरने नकार दिला. आपला हुकूम मोडून आणलेल्या गुलामांसाठी युद्धाच्या धामधुमीत जहाज धाडायला तो तयार नव्हता. बातमी पॅरिसला पोचली, चार दिवस हळहळ झाली, मग कंपनीचं दिवाळं वाजलं आणि विषय मागे पडला. कास्तेलानने मात्र तो सोडला नाही. तो वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला. दहा-अकरा वर्षं! १७७२ मध्ये कुठे नौदलाच्या मंत्र्याने हुकूम काढला.

(उत्खननाची दृश्यं. दगडी भिंतींचे पाये.)

इकडे बेटावर काय चाललं होतं, ते आपल्याला मुख्यतः मातीने सांगितलंय. २००६ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ माक्स गेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे खणायला सुरुवात केली. खाली चूल सापडली, राख सापडली, समुद्रपक्ष्यांच्या आणि कासवांच्या हाडांचे ढीग सापडले. हेच त्यांचं जेवण. जळण म्हणून फुटक्या जहाजाची लाकडं.

आणि घरं सापडली. प्रवाळाचे आणि वाळूच्या खडकाचे तुकडे रचून केलेली, काही ठिकाणी दीड मीटर जाडीच्या भिंतींची, एकमेकांना खेटून. मालागासी रिवाजात जिवंत माणूस लाकडाच्या, गवताच्या घरात राहतो. दगडाचं घर मेलेल्यांचं. या माणसांनी वादळात तग धरण्यासाठी थडग्यासारखी घरं बांधली आणि त्यांत संसार मांडला. मला वाटतं, उपासमारीइतकंच हेही जड गेलं असेल.

कपडे विरले तेव्हा त्यांनी पक्ष्यांची पिसं विणून अंग झाकलं.

१७७५ मध्ये एक जहाज बेटाजवळ आलं. लाटा एवढ्या की होडी फुटली. एक खलाशी पोहत जहाजावर परतला, दुसरा बेटावर अडकला आणि जहाज निघून गेलं. त्या खलाशाने तराफा बांधला, पिसांचं शीड केलं, तीन पुरुष आणि तीन बायकांना घेऊन तो निघाला. ते कुठेच पोचले नाहीत.

२९ नोव्हेंबर १७७६. ‘दोफिन’ हे जहाज घेऊन ट्रॉमेलिन नावाचा नौदल अधिकारी तिथे उतरला. समोर सात बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात आठ महिन्यांचं मूल. पंधरा वर्षांपूर्वी मागे राहिलेल्या साठ जणांपैकी एवढ्याच उरल्या होत्या.

मॉरिशसला त्यांना मोकळं केलं गेलं. मुळात खरेदीच बेकायदा होती, म्हणून त्या गुलाम नव्हत्याच, असा निर्णय झाला. बाळाची आई, तिची आई आणि ते बाळ, तिघांचा बाप्तिस्मा झाला. बाळाचं नाव ठेवलं जाक मोइझ, बायबलमधल्या, पाण्यातून वाचलेल्या मोझेसवरून. आईचं नाव ईव्ह. आजीला जहाजाचंच नाव दिलं, दोफिन. आईचं मूळ नाव कागदावर कसंबसं राहिलंय, सेमियावू. बेटाला आज ट्रॉमेलिन म्हणतात, पंधरा वर्षं तिथे काढणाऱ्यांपैकी कुणाचंच नाव त्याला नाही.

(पुन्हा तांब्याची भांडी.)

खणताना स्वयंपाकाच्या खोलीत ही भांडी मिळाली. कुठे विखुरलेली, फेकलेली नव्हती. एकात एक, नीट रचून ठेवलेली होती.