पाणी निवेपर्यंत

टोकियोच्या निहोनबाशी भागात, काचेच्या उंच इमारतींच्या रांगेत, यामामोतोयामा ही चहाची पेढी आहे आणि तिचे स्थापनावर्ष आहे १६९०. क्योतोजवळच्या उजी या चहाच्या प्रदेशातल्या एका खेड्यातले नागातानी सोएन यांनी १७३८ साली कोवळी पाने वाफवून, मग हाताने मळत वाळवण्याची रीत बसवली आणि तो चहा घेऊन ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आले, तेव्हा त्यांचा माल घेतला तो याच पेढीने. सेन्चा या नावाने आज जपानभर प्यायला जाणारा चहा शहरात रुळला तो तिथून.

आता स्टेशनवरचे हे चहा विकणारे यंत्र पाहा. इतो एन कंपनीने १९८५ साली हिरवा चहा डब्यात आणि १९९० साली बाटलीत भरला. आता स्टेशनच्या फलाटावर नाणे टाकले की तयार चहा हाती येतो, आणि चहादाणी नसलेली घरे वाढत गेली.

टोकियोच्याच सांगेनजाया भागात २०१७ साली सुरू झालेल्या टोकियो सार्यो या दुकानात मात्र घाई चालत नाही. पांढऱ्या काउंटरभोवती मोजकीच माणसे बसतात. पाने एकाच मळ्याची, एकाच वाणाची, आणि पाणी वरून, फिल्टर कॉफीसारखे, बारीक धारेने ओतले जाते. पहिले पाणी ७० अंशांचे असते. उकळते पाणी ओतले तर कडवटपणा आणि तुरटपणा भसकन उतरतो. निवलेल्या पाण्यात उमामी ही मुरलेली, गोडसर चव पुढे येते, कारण ती देणारे थिआनिन कमी तापमानालाही विरघळते आणि कडू कॅटेचिनला मात्र जास्त उष्णता लागते. चहा उकळायचाच असतो, असे मानणाऱ्या आपल्या मंडळींना हे पचायला थोडा वेळ लागतो.

घरी हेच काम क्यूसू करते, म्हणजे बाजूला सरळ मूठ असलेली मातीची चहादाणी. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले की सुमारे १० अंशांनी उतरते, त्यामुळे तापमापक लागत नाही. पेल्यांमध्ये चहा थोडा थोडा, आलटून पालटून ओततात, म्हणजे एकाच्या वाट्याला फिका आणि दुसऱ्याच्या वाट्याला कडक येत नाही. आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत चहादाणी तिरकीच धरतात, कारण आत राहिलेले पाणी पुढच्या खेपेआधीच पानांना कडू करून टाकते.

(निवेदन थांबते. फक्त थेंबांचा आवाज.)

आता माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड. सावलीत वाढवलेली पाने दगडी जात्यात दळतात आणि एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड निघते. जगभरातून मागणी वाढली तेव्हा, २०२४ च्या शरद ऋतूत, क्योतोच्या जुन्या दुकानांनी विक्रीवर मर्यादा घातल्या, आणि सेन्चाचे काही मळे माचाकडे वळू लागले.

पुन्हा सांगेनजायाच्या काउंटरवर येऊ. तिसऱ्या खेपेला त्याच पानांत भाजलेला तांदूळ घालतात आणि गरम पाणी ओतल्याबरोबर जो वास दुकानभर पसरतो, तो आपल्याकडे मुरमुऱ्यांच्या भट्टीजवळून जाताना येतो तसाच असतो.