रास्ता रोकोचं बिल

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, विषय आहे 'रास्ता रोकोची शिक्षा वाढवावी का?'. हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडकून पडलेली निम्मी मंडळी समोर बसली आहेत, त्यामुळे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: द्या पाच-पाच वर्षं. डिसेंबरात माझंही मत तेच असतं. जानेवारीत रस्ता सुटला की डोकं थंड होतं.

आधी कायदा, थोडक्यात. सार्वजनिक वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंडविधानात तो 200 रुपये होता. म्हणजे 1 जुलै 2024 ला दंड पंचवीसपट झाला, आपल्याला कोणी सांगितलं नाही एवढंच. आणि नासधूस करून राष्ट्रीय महामार्ग बंद पाडला, तर 1956 च्या महामार्ग कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आधीपासून आहे. (लग्नाच्या वरातीने बंद पाडला तर काय, ते विचारू नका. वरातीला कलम लागत नाही, डीजे लागतो.)

आता एका टायरची गोष्ट. माझ्या वकिलीतला लाडका खटला, भारनियमनाच्या काळातला. अमरावती रोडवर गावकरी बसले, टायर जाळला, अधिकारी आले, आश्वासन दिलं, लोक उठले. मग गुन्हा नोंदला गेला आणि दंडाच्या कलमाला बेकायदा जमावाचं कलम जोडलं, सहा महिन्यांपर्यंत कैदेचं. इथून गंमत सुरू. कैदेचं नाव निघालं म्हटल्यावर कोणी गुन्हा कबूल करेना. कुणाच्या पोराची पोलीस भरती, कुणाचा पासपोर्ट. एक आरोपी गैरहजर की पुढची तारीख. एक वारला, तर मृत्यूचा दाखला येईपर्यंत तारीख. तपास अधिकारी गडचिरोलीला बदलून गेलेले. ते सरकारी भत्त्यावर येऊन बसायचे आणि त्या दिवशी नेमके न्यायाधीश रजेवर. मुद्देमाल म्हणून तो अर्धा जळका टायर, चिठ्ठी डकवून, मालखान्यात जपून ठेवलेला.

शेवटी पंच उभा राहिला, नाक्यावरचा पानठेलेवाला. सरकारी वकिलांनी विचारलं, पंचनामा तुमच्यासमोर झाला का? "सही माही आहे जी. साहेब आले तेव्हा मी खर्रा घोटून राहिलो होतो. म्हणे सही मार, मारली." हा टायर ओळखता? "टायर तर टायरच असते साहेब." न्यायाधीशांनी फाइलमध्ये तोंड लपवलं. (खर्ऱ्यावर, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीवर, बंदी आहे, मला माहीत आहे. बंदीचं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या रांगेतले काका खिसा चाचपताहेत.)

पंच फितूर झाला, आणि निकालाची वेळ येईतो शासनानेच खटला मागे घेतला. सामाजिक-राजकीय आंदोलनांचे खटले शासन वरचेवर मागे घेतं. जीवितहानी नको आणि नुकसान 5 लाखांच्या वर नको, अशा अटींवर. म्हणजे एका हाताने कलमं चढवायची, पगारी माणसं वर्षानुवर्षं तारखांना उभी करायची आणि दुसऱ्या हाताने शासन निर्णय काढून सगळं पुसायचं. या येरझारांचं भाडं तुमच्या-माझ्या करातून जातं.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं'. बरं. खरं व्याख्यान आता सुरू होत होतं.

5,000 पर्यंत नुसता दंड असलेला गुन्हा नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या कायद्यात, किरकोळ धरतात. समन्स आलं की गुन्हा कबूल करून दंड टपालानेही पाठवता येतो. त्यात कैद घाला, की झाला तयार टायरचा दुसरा खटला.

इंग्लंडने हे करून पाहिलं. हमरस्ता अडवण्याला तिथे आधी नुसता दंड होता, 2022 च्या कायद्याने कैद आणली. जुलै 2024 मध्ये एम-25 हा लंडनभोवतीचा महामार्ग ठप्प करण्याचा कट केला म्हणून आंदोलकांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. अपिलात त्या कमी झाल्या. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तुरुंग भरले म्हणून इतर कैद्यांना 40 टक्के शिक्षा भोगून झाल्यावरच सोडायची पाळी आली.

मग रस्ता उघडतो कशाने? ऑक्टोबर 2025 मध्ये बच्चू कडूंच्या शेतकरी कर्जमाफीच्या आंदोलनात नागपूर-हैदराबाद महामार्ग अडला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, मंत्री बोलणी करायला आले, मुंबईची बैठक ठरली. पाच वर्षांच्या कैदेचा तिथे कोणी हिशेबही केला नसेल. अॅम्ब्युलन्स अडकली तर? तर माणसं तिथल्या तिथे उचलून बाजूला करायचा अधिकार पोलिसांना 1951 च्या पोलीस कायद्याने दिला आहे. सात वर्षांनी लागलेल्या शिक्षेने अॅम्ब्युलन्स पुढे सरकत नाही. मात्र जमावाला कोंडू नका. 23 नोव्हेंबर 1994 ला चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे 114 मोर्चेकरी गेले, ते याच शहरात.

आणि शिक्षा हवीच असेल, तर न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा पहिल्यांदाच आली आहे, 285 ला मात्र ती ठेवलेली नाही. ती ठेवा. रस्ता अडवणाऱ्याला शिट्टी द्या आणि वाहतूक सांभाळायला लावा: व्हरायटी चौक, मे महिना, दुपारी बारा ते दोन.