टाकी गळते, पण नेमकी कुठून?

पावसाळ्यात गोव्यातल्या डिचोली-सांखळी भागातली गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवली, की पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर लाल मातीचा थर दिसतो. चोर्ला घाट उतरून आलेली असेल तर विचारूच नका. हा थर आधी धुवून काढायचा, पण पाण्याचा जोराचा फवारा नको, सैल सीलमधून पाणी टाकीत शिरतं. माती असेपर्यंत पेट्रोल तिच्यात मुरतं, टाकीच्या पोटावरून ओघळतं आणि थेंब भलतीकडेच पडतो.

मग गाडीमालकाला विचारायचं, वास कधी येतो? टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल, तर दोष बहुतेक वरच्या अंगाला. टाकीतल्या पंपाची ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी), पेट्रोल भरायच्या फिलर पाइपचा रबरी होज किंवा हवेची बारीक नळी. अर्ध्या टाकीलाही थेंब पडत असेल, तर टाकीचा तळ तपासा.

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं. ते उघडल्यावर पंपाभोवती ओलसर, काळपट कडं दिसलं तर ओ-रिंग गेली समजा. पेट्रोल पाव टाकीवर आणा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, लाइनमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची मायनस केबल सोडा. पंप जागेवर धरणारी लॉक रिंग पितळी पट्टीने हळूहळू ठोकत फिरवायची. लोखंडाने ठिणगी उडू शकते. जुनी ओ-रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते, एकदा बाहेर आली की खाचेत पुन्हा नीट बसत नाही. नवी घालताना ती इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारी हवी. खाच स्वच्छ पुसा, वाळूचा एक कणसुद्धा गळतीला पुरतो. आणि हे काम पिटवर, म्हणजे गॅरेजमधल्या खड्ड्यावर, कधीच करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते.

टाकीलाच चीर असेल तर? एम-सील लावू नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांची टाकी पॉलिथिनची, म्हणजे प्लॅस्टिकची असते, तिला एम-सीलसारखं एपॉक्सी धरतच नाही. वेल्डिंगही नको. पेट्रोल प्लॅस्टिकच्या अंगात मुरलेलं असतं, सांधा कच्चा राहतो. त्यात रिकामी टाकी जास्त घातक, कारण हवेत १.४ ते ७.६ टक्के वाफ असली की ठिणगीसरशी भडका उडतो. धुतल्यावरही प्लॅस्टिकमधून वाफ पुन्हा सुटते. टाकी बदलणं हाच उपाय. टाकीला धरून ठेवणारे, खाऱ्या हवेने गंजलेले पट्टे आणि त्यांचे रबरी पॅडही त्याच वेळी बदला, नाहीतर गंजका पट्टा नवी टाकी घासत राहील.

आता फ्यूज आणि बॅटरीची केबल परत जोडा, ५ लिटर पेट्रोल घाला, चावी दोन-तीनदा ऑन करून पंप चालवा आणि जोड कोरडे आहेत का बघा. मग टाकी फुल्ल करून गाडी चढावर उभी करा. तेव्हाही ओल दिसली नाही, तरच सीटखालचं झाकण लावा.