पातूरची लेणी अन् वाशिमचा घाट

अकोल्याहून वाशिमच्या रोडनं निघालं की तीसेक किलोमीटरवर पातूर लागते. बहुतेक गाड्या चहापुरत्या थांबतात अन् सरळ घाटाला लागतात. आपण मात्र थांबू, कारण हे समोर डोंगराच्या अंगात कोरलेलं दिसतंय ना, ती पातूरची लेणी.

आता खरं सांगतो, अजिंठा डोक्यात घेऊन आलात तर हिरमोड होईल. रंगीत चित्रं नाहीत, नक्षी नाही, काळा बेसाल्ट, जाडेभरडे खांब, आत अंधाऱ्या खोल्या. शेळ्या घेऊन आलेले एक काकाजी विचारतेच झाले, "इथं काय हाये बाप्पा पाहाले?" म्हटलं, काकाजी, घाट पाहाले आलो!

कसं आहे, आपलं वऱ्हाड म्हणजे दोन मजली घर. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, तो पायनघाट, अन् वर अजिंठ्याच्या रांगेचं पठार, तो बालाघाट, पातूरचा घाट हा त्यातला जिना. वर गेलं की वाशिम, म्हणजे वाकाटक राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म, पाचव्या शतकात तिथून हरिषेण राज्य करत होता, ज्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं खोदवलं. पुढं पैनगंगा ओलांडली की गोदावरीचा मुलूख. अन् इकडं खाली उतरलं की पूर्णा, मग तापी, अन् तापीच्या काठाकाठानं थेट समुद्र. राजधानीतून उत्तरेला निघालेला माल, कापूस म्हणा, धान्य म्हणा, ह्याच उतारानं येत असणार.

मग घाटाच्या पायथ्याशीच लेणी का? बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने एकाच जागी काढायचे, वर्षावास म्हणतात त्याला, अन् जागा अशी पाहिजे की गावाच्या गलक्यापासून लांब पण भिक्षेला जवळ. आता खर्च कोणी केला हे पातूरची भिंत सांगत नाही, पण ह्याच डोंगररांगेत पश्चिमेला कन्नडजवळ पितळखोऱ्याला जा, तिथं खांबावर लिहिलंय, पैठणचा मितदेव, धंदा गांधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणारा. दोन हजार वर्षांपूर्वीचा दुकानदार, देणगीची पाटी लावायची हौस तेव्हाही होतीच की!

लेणी ओस पडली, वाट नाही पडली. पुढं शेख बाबूंच्या दर्ग्यावरून जुन्या कागदांत गावाचं नाव झालं पातूर शेख बाबू. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, लदेणी म्हणत त्याला, रेल्वे आली अन् तो धंदा बसला. वाशिमकडं तांडे, म्हणजे आता बंजाऱ्यांच्या वस्त्या, आजही जागोजाग आहेत.

यायचं तर हिवाळ्यात या, मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो अन् हा दगड असा तापते की टेकता येत नाही. टॉर्च ठेवा, पाणी ठेवा. लेणी पाहून झाली की रेणुकामातेच्या टेकडीवर चढा, डोंगर कसा आडवा पसरलाय ते तिथून पाहता येते, ड्रोन-बिन काही लागत नाही.