‘मर्डर बाय द बुक’ : दुसऱ्या खुनाचे वजन

बेळगाव-खानापूर भागातल्या आमच्यासारख्या वाचकांना रहस्यकथेची गोडी लावली ती बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी, आणि त्या वाचनामुळे खुनी कोण हे अखेरच्या पानाआधी कळता कामा नये, अशी आमची पक्की धारणा झाली. कोलंबो या पोलीस तपास अधिकाऱ्याची ‘कोलंबो’ ही अमेरिकी मालिका मात्र खुनी आधीच दाखवते. तिचा 15 सप्टेंबर 1971 रोजी प्रसारित झालेला ‘मर्डर बाय द बुक’ हा भाग टिळकवाडीत आम्ही काही जणांनी नुकताच पुन्हा पाहिला.

दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा अवघे 24 वर्षांचे होते. रस्त्यावरून मोटार येते, पण तिचा आवाज येत नाही. ऐकू येते ती फक्त उंच इमारतीतल्या कार्यालयात एकटाच लिहीत बसलेल्या जिम फेरिसच्या टाइपरायटरची खडखड. मोटारीत आहे त्याचा भागीदार केन फ्रँकलिन. दोघांच्या नावावर खपणाऱ्या कादंबऱ्या प्रत्यक्षात जिम लिहितो, आणि आता त्याला वेगळे व्हायचे आहे. केन त्याला सॅन दिएगोजवळच्या आपल्या घरी नेतो, ‘कार्यालयात उशीर होईल’ असा फोन पत्नीला करायला लावतो आणि बोलणे चालू असतानाच गोळी झाडतो. या सुरुवातीचे कौतुक नेहमी होते, आणि ते रास्तच आहे.

पुन्हा पाहताना मन अडकले ते मात्र लिली ला सँकापाशी. वाटेवर दुकान चालवणाऱ्या या एकट्या बाईने जिमला केनच्या मोटारीत पाहिलेले असते. जांबोटीच्या रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराला कोणाच्या गाडीत कोण बसले होते हे न विचारता ठाऊक असते, तसेच हे. ती 15 हजार डॉलर मागते खरी, पण केनवरचा तिचा जीव लपत नाही. धमकी आणि लाडीगोडी एकाच वाक्यात आणणारा बार्बरा कोल्बी यांचा अभिनय या भागातला सर्वांत खरा अभिनय आहे. केन शॅम्पेनची बाटली घेऊन येतो, त्याच बाटलीने तिला मारतो आणि प्रेत तळ्यात टाकतो.

कोलंबोचा सारा तर्क यावरच उभा आहे : पहिला खून इतका नेटका आणि दुसरा इतका गबाळा, तर पहिल्याची कल्पना केनची नसणार. जिमच्या कागदांत ती टिपलेली सापडते, आणि ‘ती माझीच होती’ हे अभिमानाने सांगण्याच्या नादात केन कबुली देऊन बसतो. कोर्टात असला पुरावा क्षणभरही टिकला नसता. स्वभावचित्र म्हणून मात्र हा शेवट पटतो.

खटकते ते निराळेच. जिमच्या पत्नीला कोलंबो तिच्याच स्वयंपाकघरात ऑम्लेट करून खायला घालतो, आणि कोलंबो साकारणारे पीटर फॉक त्या दृश्यात फार माया ओततात. लिलीच्या वाट्याला असे कोणीच येत नाही. अखेरच्या प्रसंगात तिच्या मरणाची चर्चा होते ती केवळ खुन्याचे कसब कुठे कमी पडले, एवढ्यापुरतीच.