घाटातली तांबडी पट्टी

[घाटातला तासलेला कातळ, जवळून]

वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि मध्ये ही तांबडी पट्टी. घाटातून जाता-येता आपण सगळ्यांनीच ती पाहिलेली असते. भूवैज्ञानिक तिला रेड बोल म्हणतात. खालचा लाव्हा थिजला, ऊन-पावसाने झिजून त्याची माती झाली, तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला. रस्त्यासाठी डोंगर कापला म्हणून ती आपल्याला दिसते. आता त्याच रस्त्याचं रुंदीकरण चाललंय, आणि हे पाहा, पुढच्या वळणावर तिच्यावर सिमेंटचा लेप चढलाय.

लाव्हाचं वय काढणाऱ्याला ही माती हवी असते. कधीकाळी कुठल्याशा ज्वालामुखीची राख तिच्यात मिसळलेली असते आणि राखेत असतात झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक.

[प्रयोगशाळा]

माती कुटायची, चाळायची, पाण्यात धुवायची. हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. त्यातले लोहाचे कण चुंबकाने काढायचे. उरलेल्यातून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक झिर्कॉन वेचायचा. कधी सगळा नमुना धुऊनही एक मिळत नाही. म्हणून जितके थर उघडे, तितकं बरं.

झिर्कॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. आज आत सापडतं ते शिसं युरेनियमचे अणू ठरलेल्या गतीने ऱ्हास पावून झालेलं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला ७०.४ कोटी. एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही जुळली की आकड्यावर भरवसा.

खुद्द कातळाचं वय पोटॅशियम-४० वरून निघतं. त्याचा काही भाग आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना जुना वायू निसटतो, थिजल्यावर नवा अडकून राहतो.

दोन्ही वाटांनी, हा कातळ घडवणाऱ्या दख्खनच्या मुख्य उद्रेकांचं वय ६.६ कोटी वर्षांच्या आसपास येतं.

[शंखांचे जीवाश्म]

नागपूरच्या टाकळीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात असे शंख मिळाले. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी ते जमवले. शंखांचं वय काढायला कार्बन-१४ इथे निरुपयोगी, त्याची धाव ५० हजार वर्षांपर्यंतच. म्हणून वरच्या आणि खालच्या लाव्हाचं वय काढायचं, शंख त्या दोहोंच्या मधले.

डायनासोर लाव्हामुळे संपले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे, हा वाद याच आकड्यांवर चाललाय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने झिर्कॉन मोजले, तिथल्याच बर्कले विद्यापीठाच्या गटाने आरगॉन. अशनी पडण्याआधी किती लाव्हा ओतला गेला होता, यावर त्यांचं एकमत झालं नाही.